प्रकरण चौदा : सोमशेखरचा नंबर

शिवलीलाच्या दोन्ही हातांत हिरवा चुडा भरून झाला, तेवढ्यात महेश्वरी दारात येऊन उभी राहिली. माळशिरसहून निघालेली एसटी मोहोळजवळ बंद पडली होती, त्यामुळे तिचा चेहरा उन्हानं आणि वैतागानं तापला होता. खांद्याला लॅपटॉपची बॅग होती आणि ती खाली ठेवायचा तिचा विचार दिसत नव्हता.

"आली एकदाची डॉक्टरीण," चंद्रव्वा म्हणाली. ती सकाळीच वळसंगहून आली होती. भाचसुनेच्या कुबसाचा, म्हणजे डोहाळजेवणाचा, सगळा कारभार तिनं आल्या आल्या हातात घेतला होता. "पाय धू आन् हिला कुंकू लाव. तुज्यापायी ओटी खोळंबलीय."

"लावते की आत्या. आधी काकांकडं काम आहे."

सातव्या महिन्यातलं हे कुबस. माहेरची माणसं साडी आणि खण घेऊन आली होती. हॉलमधलं सामान भिंतीला सारून मधोमध खुर्ची सजवली होती आणि तिच्यावर शिवलीला मान खाली घालून बसली होती. स्वयंपाकघरातून हुग्गीचा, गव्हाच्या खिरीचा, वास येत होता. सोमशेखर आपल्या व्याह्यांना, मडिवाळप्पांना, शेजारी घेऊन सोफ्यावर बसला होता. सोलापुरातल्या अक्कलकोट रोडवरच्या एमआयडीसीत त्याचा टॉवेलचा कारखाना होता. पाहुण्यांसमोर तो नेहमी थोडा मोठ्यानं बोलायचा.

"काका, साइट उघडायचीय," महेश्वरी त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली. "ओटीपी तुमच्या फोनवर येईल. तेवढा सांगा."

"आता कशाला उघडायची? भरलंय की सगळं. युवराजनं रविवारीच भरलं."

"त्यानं भरलं. मी नाही भरलं."

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या युवराजनं शिवलीलाकडं, आपल्या बायकोकडं, पाहिलं आणि मग पंख्याकडं.

महेश्वरीला एमडीच्या प्रवेश परीक्षेत चांगली रँक मिळाली होती. एवढी चांगली, की मेडिकलच्या कुठल्याही विषयाचं दार तिच्यासाठी उघडं होतं. आता कुठला विषय आणि कुठलं कॉलेज हवं, ते पसंतीच्या क्रमानं भरून द्यायचं होतं. ती सरकारी आरोग्य केंद्रात ड्युटीवर असताना सोमशेखरनं मुलाला कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर बसवलं आणि रेडिओलॉजीच्या सगळ्या जागा वर टाकून घेतल्या. बालरोग कुठंतरी तळाला गेला. आज पाच वाजता साइट बंद होणार होती आणि त्या वेळी जो क्रम असेल तो आपोआप कायम होणार होता. क्रम बदलायचा तर साइटवर शिरायला हवं. शिरायचं तर ओटीपी हवा. आणि ओटीपी सोमशेखरच्या खिशात वाजणार होता.

घराची ही रीतच होती. सोमशेखरनं मोबाइल घेतला तेव्हा गल्लीत दुसऱ्या कुणाकडं नव्हता. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक फॉर्मवर त्याचाच नंबर पडत आला. शाळेचा दाखला, गॅसची टाकी, चंद्रव्वाचं विधवा पेन्शन, महेश्वरीच्या आईचं, नीलम्माचं, बँकेचं खातं, सगळीकडं तोच नंबर. पुढं प्रत्येकाच्या हातात फोन आले, पण फॉर्म भरायची वेळ आली की हात सवयीनं तेच दहा आकडे लिहायचे. महेश्वरीनंही परीक्षेच्या फॉर्मवर तेच लिहिले होते. लिहिताना तिला काही वाटलंही नव्हतं.

"बस की जरा," सोमशेखर म्हणाला. "पाणी पी. पाहुणे काय म्हणतील?"

"पाच वाजायला आलेत काका."

तिनं तिथंच फरशीवर मांडी घातली, लॅपटॉप उघडला आणि बटण दाबलं. सोमशेखरच्या खिशात फोन वाजला. त्यानं फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनकडं पाहिलं आणि परत खिशात ठेवला.

"सांगा."

"आधी मला एक सांग. मडिवाळप्पा, तुम्हीच ऐका. एवढी रँक. लोक देव पाण्यात घालून बसतात असल्या रँकसाठी. आणि हिला काय पाहिजे? लहान लेकरांची डॉक्टरकी."

मडिवाळप्पा भले गृहस्थ होते, पण विचारलं की मत द्यायचं ही त्यांची खोड होती. "रेडिओलॉजी म्हणजे बसून काम की हो. एसी खोली. रात्री कोण उठवत नाही. आमच्या पुतण्याच्या मेव्हण्यानं तेच घेतलंय. बंगला बघा त्याचा."

"बघितलाय," महेश्वरी म्हणाली. "छान आहे."

बायकांत कुणीतरी हसलं. शिवलीलाची मान थोडी वर आली.

"हसण्यावारी नेऊ नको," सोमशेखर म्हणाला. "बालरोगात तीन वर्षं वॉर्डात घासायचं. पुढं काय?"

"पुढं एक वर्ष सरकारी सेवा. मग सीनियर रेसिडेन्सी. नवजात बाळांचं खास शिकायचं तर त्याची वेगळी परीक्षा आणि आणखी तीन वर्षं."

"ऐका. म्हणजे पस्तिशीपर्यंत ही शिकतच राहणार."

"रेडिओलॉजीलाही तीन वर्षंच लागतात की काका. आणि पस्तीस तर मला दोन्हीकडं लागणार."

सोमशेखरचा आवाज चढला, पण त्याच्या मनात जे होतं ते वर्षांचं गणित नव्हतं. मागच्या वर्षी शहरात एक लेकरू दगावलं, तेव्हा नातेवाइकांनी दवाखान्याच्या काचा फोडल्या होत्या. तो त्याच रस्त्यानं कारखान्यावर चालला होता. पांढऱ्या कोटातली एक पोरगी शटर अर्धं ओढून आत उभी होती. तिच्या हातात स्टेथोस्कोप होता आणि तो कुठं ठेवावा हेही तिला सुचत नव्हतं. गाडी चालवता चालवता त्याला त्या पोरीच्या जागी महेश्वरी दिसली होती. भाऊ गेला तेव्हा ती दुसरीत होती. शाळेच्या दारात तिचं बोट त्यानंच सोडलं होतं. हे सगळं पाहुण्यांसमोर कसं बोलायचं ते त्याला येत नव्हतं, म्हणून तो दुसरंच बोलला.

"म्हातारं माणूस गेलं तर लोक म्हणतात, वय झालं होतं. लेकरू गेलं की दगड उचलतात. फोटो बघणाऱ्या डॉक्टरला कोण मारायला येत नाही."

महेश्वरीनं लॅपटॉपवरचा हात काढून घेतला.

"ते खरं आहे," ती म्हणाली. "मला पण भीती वाटते त्याची."

"मग?"

"मग काय? भीती वाटते म्हणून मी ओटीपी मागायचा नाही का?"

"येवढं काय असतंय गं त्या लेकरांत?" चंद्रव्वा मध्ये पडली. अजून ती भावाच्याच बाजूनं होती. "रडत्यात, मुतत्यात. कुटं दुकतंय म्हनून सांगत न्हाईत. मोठ्या मान्साला तोंड तर असतंय."

खिडकीजवळच्या खुर्चीत महेश्वरीचे अज्जा, म्हणजे आजोबा, गुरुसिद्धप्पा बसले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर पहिली-दुसरीचेच वर्ग मागून घेतले होते. मोठे वर्ग देऊ केले तरी ते नको म्हणत. आता त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"चंद्रा बरोबर विचारतीय," ते म्हणाले. "लेकरू सांगत नाही. मग तुला कळतं कसं?"

ते खरंच विचारत होते, हे महेश्वरीला कळलं. अज्जा कधी अडवायला प्रश्न विचारत नसत.

"बघत बसावं लागतं अज्जा. लगेच हात लावायचा नाही. आईच्या मांडीवर असतानाच श्वास मोजायचा, कारण हात लावला की ते रडतं आणि मग मोजलेलं खोटं ठरतं. पोट कसं हलतंय, नाकपुड्या फुलतात का, आई हलली की डोळे तिच्यामागं जातात का. दूध पिताना दमतं का. औषध द्यायचं ते त्याच्या वजनावर. चुकलं तर थोडकं चुकत नाही. तीन वर्षं तेच शिकवतात. बघायला."

"हं," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "आणि तुला ते येतं?"

"शिकायचंय की अजून. पण हात बसलाय." तिनं काकाकडं पाहिलं. "इंटर्न होते तेव्हा बाळांच्या वॉर्डात सुई लावायला शीर सापडेना झाली की सिस्टर मला बोलवायच्या. मोठे डॉक्टर उभे असताना मला. मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण स्वतःचं काय सांगायचं. आज सांगते. मला ते येतं. चांगलं येतं. जे येतं ते सोडून मी अंधाऱ्या खोलीत बसणार नाही."

खिशातला ओटीपी एव्हाना शिळा झाला होता. तिनं पुन्हा बटण दाबलं. फोन पुन्हा वाजला. या वेळी सोमशेखरनं तो बाहेरही काढला नाही.

"नाही सांगत," तो म्हणाला. "तुझ्या भल्याचं आहे म्हणून नाही सांगत."

नीलम्मा स्वयंपाकघराच्या दारात हुग्गीची कढई फडक्यात धरून उभी होती. पोरीनं आता दोन पावलं मागं यावं, असं तिला आतून वाटत होतं. नवरा गेल्यापासून या घरात ती हळू चालत आली होती. कुणी वाईट वागलं नव्हतं, आणि तेच तिला अवघड जायचं. वाईट वागणाऱ्याला बोलता येतं.

"महेश्वरी," ती म्हणाली, "काका म्हणतात ते…"

"अव्वा, थांब." महेश्वरीचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "काका, ऐकून घ्या. तुम्ही ओटीपी नाही दिलात तर मला रेडिओलॉजी मिळेल. मी तिथं जाणार नाही. वर्ष गेलं तरी चालेल. माळशिरसला नोकरी आहे, खोली आहे. पुढच्या वर्षी परत परीक्षा देईन. परत हीच रँक येईल का, माहीत नाही. कमी आली तर मिळेल त्या कॉलेजात जाईन. पण विषय हाच आणि फॉर्मवर नंबर माझा."

"धमकी देतीस काय?"

"नाही. तुम्हाला नंतर धक्का बसू नये म्हणून आधी सांगतेय."

मडिवाळप्पांनी पाण्याचा पेला उचलला.

"बघा, मडिवाळप्पा," सोमशेखर म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "या घरातलं पान माझ्या नंबराशिवाय हलत नाही. अक्काचं पेन्शन आलं की आधी मला कळतं. वहिनींनी बँकेतून शंभर रुपये काढले तरी मेसेज मला. सुनेच्या सोनोग्राफीची तारीखसुद्धा दवाखाना मलाच कळवतो. कुणाला कधी अडवलं का मी? विचारा की ह्यांना. आणि आता हिच्या भल्याचा एक शब्द बोललो तर मी वाईट."

त्याला वाटलं होतं, बायका आता माना डोलावतील. कुणी डोलावली नाही. चंद्रव्वानं हातातली हळदीची वाटी खाली ठेवली. मागच्या महिन्यात गुडघ्याच्या औषधाला पैसे काढायचे होते, तेव्हा भावानं फोन उचलेपर्यंत ती बँकेच्या बाकावर बसून राहिली होती. तो दुपारचा झोपला होता. अडवलं नव्हतं, हे खरंच. नुसतं बसवून ठेवलं होतं. ते आठवलं आणि भावाकडं बघायची तिची नजर बदलली.

"बरं, र्‍हाऊ दे," ती एकदम म्हणाली. "पोरगी अवगडून गेलीय बसून. कुबस उरकू या. महेश्वरी, ऊट. कुंकू लाव."

महेश्वरी उठली. तिनं कुंकू लावलं, ओटी भरली, पण तिचं लक्ष लॅपटॉपवरच्या घड्याळाकडं होतं. मग चंद्रव्वानं शिवलीलाच्या हनुवटीला हात लावून तिचं तोंड वर केलं. कुबसाच्या शेवटी घरातल्या वडीलधाऱ्या बाईनं पोटुशीला विचारायचं, तुला काय हवंसं वाटतंय. ती जे मागेल ते सासरच्या कर्त्या पुरुषानं आणून द्यायचं. कुणी चिंच मागायची, कुणी पार्क चौकातली भेळ. कुणी लाजून काहीच मागायची नाही. मागितलेलं मात्र आजवर या घरात कुणी नाकारलं नव्हतं.

"एन बयके?" चंद्रव्वानं विचारलं. "सांग, काय पायजे तुला? लाजू नको."

शिवलीला या घरात दोन वर्षांपूर्वी आली होती. ती बोलते कमी, हे तिच्याबद्दल कौतुकानं सांगितलं जायचं. सोनोग्राफीचे मेसेज सासऱ्यांच्या फोनवर यायचे आणि ते जेवताना मोठ्यानं वाचून दाखवायचे. बाळाचं वजन, पाण्याचं प्रमाण, सगळं. तिच्या पोटातलं तिला सगळ्यांत शेवटी कळायचं, आणि भाजीचं पातेलं हातात असताना.

"मामंजी देतील?" तिनं विचारलं.

"देईल की. मागून तर बघ."

"मग मला ताईंचा ओटीपी पाहिजे."

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "काय मागितलं गं? कुठला पदार्थ म्हणायचा हा?" आणि हसू फुटलं. शिवलीला मात्र हसली नाही. चुड्यानं भरलेले हात तिनं मांडीवर ठेवले आणि सासऱ्याकडं सरळ पाहिलं.

"असलं मागतात काय?" सोमशेखर म्हणाला. "खायचं मागायचं असतं."

"कुनी सांगितलं?" चंद्रव्वा म्हणाली. "आमच्या सासूनं मला इचारलं तवा मी भैनीला बगायचंय म्हनलं हुतं. बैलगाडी जुपून नेलं हुतं मला. खायाचंच मागायचं आसं कुटं लिवलंय?"

"अक्का, तू तरी…"

"मी तरी काय? पोटुशीनं मागितलंय. व्याही बसल्यात समोर. न्हाई म्हनतोस?"

सोमशेखरनं मडिवाळप्पांकडं पाहिलं. मडिवाळप्पा आपल्या लेकीकडं बघत होते, जणू तिला पहिल्यांदाच बघत असावेत. "आमच्या पोरीनं आमच्याकडं कधी काही मागितलं नाही हो," ते हळूच म्हणाले. रेडिओलॉजीबद्दल त्यांनी पुन्हा मत दिलं नाही.

युवराज भिंतीपासून निघाला. तो महेश्वरीच्या शेजारी येऊन बसला. त्यानं लॅपटॉप आपल्याकडं वळवला आणि बटण दाबलं. "परत पाठवलाय अप्पा," तो म्हणाला. "बाळ माझं पण आहे."

फोन वाजला.

सोमशेखरनं तो बाहेर काढला. राग आला की तो कन्नडवर जायचा. लहानपणी आईशी भांडायची तीच भाषा. आत्ताही त्यानं कुणाकडं न बघता, एकेक आकडा फेकल्यासारखा, कन्नडमधून सांगितला. "मूरु. ओंबत्तु. सोन्ने. एळु. एरडु. नाल्कु."

महेश्वरीची बोटं त्याच्या मागोमाग चालली. पान उघडलं. तळाला पडलेल्या बालरोगाच्या जागा तिनं एकेक करून वर आणल्या. आधी सोलापूरची, मग लांबच्या गावांच्या. युवराज शेजारून क्रम मोठ्यानं वाचत होता, चूक राहू नये म्हणून. शेवटी साइटनं विचारलं, हा क्रम कायम करायचा का? नंतर बदल होणार नाही. महेश्वरीनं एकदा अज्जाकडं पाहिलं. गुरुसिद्धप्पांनी नजर काठीकडं वळवली. त्यांच्या मते विद्यार्थ्याचं उत्तर विद्यार्थ्यानंच द्यायचं असतं. तिनं होय केलं.

"झालं," ती म्हणाली.

"झालं," सोमशेखर म्हणाला. "आता उद्या कुणी दगड मारला तर माझ्याकडं यायचं नाही."

"येणार," महेश्वरी म्हणाली. "तुमच्याकडंच येणार. दुसरीकडं कुठं जाऊ? पण येईन ती डॉक्टर म्हणून येईन काका. फोटो बघणारी म्हणून नाही."

सोमशेखरनं चष्मा पुसला. लॅपटॉप मिटण्याआधी महेश्वरीनं आणखी एक पान उघडलं. "नंबर बदलायचाय. जुन्या नंबरावर एक शेवटचा ओटीपी येईल."

तोही त्यानं सांगितला, या वेळी मराठीत. शिवलीला खुर्चीवरूनच म्हणाली, "माझ्या दवाखान्यातला पण." चंद्रव्वा म्हणाली, "माजं पेन्शन. आमच्या पोराला, सिद्धलिंगप्पाला, नंबर इचारून ठिवते." सोमशेखर सगळ्यांना हं हं करत होता. कुठल्या तरी दुकानात एकदम गिऱ्हाइकं शिरावीत तसं त्याला झालं होतं.

"भावजी."

नीलम्मानं कढई खाली ठेवली होती. ती दारातून पुढं हॉलमध्ये आली होती, पुरुषांच्या सोफ्यापर्यंत. इतक्या माणसांसमोर ती तिथवर कधी आली नव्हती.

"माझ्या बँकेतला पण बदला."

"तुमचा?" सोमशेखरला एवढ्या वेळात पहिल्यांदाच हसू आलं. त्यात थोडा टोमणा होता आणि थोडं खरंच आश्चर्य. "वहिनी, तुम्हाला तुमचा नंबर पाठ तरी आहे का?"

फोन तिला महेश्वरीनं पहिल्या पगारातून घेऊन दिला होता. त्यावर फोन यायचा तो महेश्वरीचाच. स्वतःचा नंबर कुणाला सांगायची वेळ नीलम्मावर कधी आली नव्हती. तिनं पदर खोचला.

"नऊ," ती म्हणाली. "आठ. दोन. दोन…"

ती थांबली. तिचे ओठ हलत होते, पण आकडा येत नव्हता. महेश्वरीला नंबर पाठ होता. तिनं तोंड उघडलं, आणि गुरुसिद्धप्पांनी नुसता हात वर केला. तोच हात, जो फळ्यासमोर अडलेल्या लेकराला मागच्या बाकावरून कुणी सांगू नये म्हणून वर जायचा. महेश्वरी थांबली. सोमशेखरनं काही तरी बोलायला श्वास घेतला आणि सोडून दिला. मडिवाळप्पांनी पेला हातातच धरला. स्वयंपाकघरात गॅसवर काही तरी उतू जात होतं, पण कुणी हललं नाही.

"सहा," नीलम्मा म्हणाली.

मग उरलेले आकडे ती न अडखळता बोलली. शेवटचा सांगताना तिनं मान वर केली.

"लिहून घ्या, भावजी," ती म्हणाली. "मी परत सांगणार नाही."